बारीने वाटलेली शाळा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. गावाचं नाव काय, तिथल्या राणीचं नाव काय, हेही एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कुठेतरी गळून पडलं. गावाची एक खोड मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली, आणि गोष्ट त्या खोडीचीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि सगळ्यांच्या शेतांना पाणी देत, वळणं घेत खाली जायचा. पाटाच्या तोंडाशी पाटलाचं शेत. मग तेल्याचं, मग कोष्ट्याचं, मग वैद्याचं, असं करत करत अगदी शेपटाला एका मेंढपाळाचा तुकडा. पाट एक आणि तहानलेली शेतं पुष्कळ. अशा ठिकाणी इतर गावांत डोकी फुटतात. या गावात कधीच फुटली नाहीत.

कारण या गावात बारी होती, म्हणजे पाण्याची ठरलेली पाळी. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. त्या भोकातून पाणी आत शिरायचं, वाटी हळूहळू भरायची आणि बुडायची. वाटी बुडाली की पाटाची राखण करणारा पाटकरी हाळी द्यायचा, आणि पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात वळायचं. पाटील असो की मेंढपाळ, वाटी सगळ्यांना सारखीच होती.

या वाटीचा गावाला इतका अभिमान, की बघता बघता त्यांनी सगळंच बारीने वाटायला सुरुवात केली. गावचा वळू बारीने, लग्नातली मोठी कढई बारीने. पाहुणा आला तर त्याचं जेवणसुद्धा बारीने, म्हणजे भाकरी एका घरी आणि कालवण दुसऱ्या घरी. बिचारा पाहुणा हातात भाकरी धरून गावभर फिरायचा. सभेत बोलायचं तेही बारीनेच. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याने आधी बोलायचं, शेपटाच्या घराने सगळ्यात शेवटी. शेपटाच्या घरापर्यंत बारी येईतो लोक उठून जेवायला गेलेले असायचे. पण बारी म्हणजे बारी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, शेपटाच्या घरालाही वाटत नसे.

या गावात एक शाळा होती. ती राणीच्या वडिलांनी बांधून दिली होती. गुरुजी राजधानीहून आले होते आणि त्यांचं धान्य सरकारी कोठारातून यायचं. तेव्हा शाळा ही सरकारची वस्तू, असं गाव धरून चालत होतं. मुलं सकाळी आत जायची, संध्याकाळी बाहेर यायची. आत काय चालतं हे बघायला एकाही मोठ्या माणसाने कधी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. गुरुजी भिडस्त. छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यांनी आपलं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, पण कुणाला बोलले नाहीत. गावाला वाटायचं, आपण गेलेलं गुरुजींना आवडायचं नाही. गुरुजींना वाटायचं, गावाला शाळेचं काही पडलेलं नाही. आता यात चूक कुणाची? मी बराच विचार केला आहे, पण मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका वर्षी सुगी आटोपल्यावर राणी त्या भागात आली. राणी नुकतीच गादीवर बसली होती आणि तिला प्रश्न विचारण्याची भारी हौस होती. शाळा पाहून तिने पाटलाला विचारलं, छप्पर का गळतं? पाटील म्हणाला, ते सरकारला ठाऊक. राणीने विचारलं, मुलं इतकी थोडी का? पाटील म्हणाला, तेही सरकारलाच ठाऊक. आपण सरकार असून आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही, हे पाहून राणी चकित झाली. तिने गावाला जवळ बोलावलं.

"आजपासून शाळा तुमची," राणी म्हणाली. "गुरुजींचं धान्य कोठारातून येत राहील. पण शाळा कशी चालवायची ते तुम्ही ठरवा. पुढच्या सुगीनंतर मी परत येईन. शाळा नीट चालली असेल तर गुरुजी इथेच राहतील. नसेल तर मी त्यांना घेऊन जाईन, कारण दुसरी गावं गुरुजींची वाट बघत आहेत."

गर्दीत सगळ्यात मागे शेपटाच्या घरची बाई उभी होती. ते ऐकून ती मनाशी दिवस मोजू लागली. तिचा नवरा मेंढपाळ. सुगीनंतर शेतं मोकळी झाली की तो मेंढरं घेऊन परमुलखात निघायचा आणि महिनोन् महिने बाहेर राहायचा. त्यांना एकच लेक होती. ही लेक म्हणजे प्रश्नांचं पोतं. वाटी बुडते पण लाकूड का बुडत नाही, मेंढी आपलं कोकरू कसं ओळखते, पाटाचं पाणी डोंगराकडे परत का जात नाही, असं दिवसभर चालायचं. आई थकून जायची, पण तिला लेकीचे प्रश्न आवडायचे. आपल्याजवळ उत्तरं नाहीत याचं तिला वाईट वाटायचं. नवऱ्याचं म्हणणं होतं की पोरगी मेंढरांमागे आली तर चार पैसे वाचतील आणि पायही घट्ट होतील. बाईने मोठ्या मिनतवारीने एक वर्ष मागून घेतलं होतं. पुढच्या सुगीपर्यंत पोरगी वाचायला शिकली तर ठीक, नाहीतर ती बापाबरोबर जाणार, असं ठरलं होतं. आता गुरुजीच गेले तर ती शिकणार कुणाकडे?

राणीची पाठ वळताच गावाने सभा घेतली. शाळा आपली झाली म्हणून सगळे हरखले होते आणि थोडे घाबरलेही होते. आपली झाली म्हणजे आता तिचं करायचं काय? पाटील पुष्कळ वेळ डोकं खाजवत बसला. मग त्याचा चेहरा उजळला. जे सगळ्यांचं असतं त्याचं आपण काय करतो, त्याने विचारलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, बारीने वाटतो. झालं तर मग. सुगीनंतर पाट बंदच होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळ, तांब्याची वाटी आणि पाटकरी वाजत गाजत शाळेत आले.

सूर्य उगवला की पाटलाची बारी, मग तेल्याची, मग कोष्ट्याची, आणि सूर्य मावळायला आला की शेपटाच्या घराची. ज्याची बारी, त्याची शाळा. तेवढ्या वेळात काय शिकवायचं ते त्या घराने सांगायचं आणि गुरुजींनी शिकवायचं.

पहिले काही दिवस मोठी मजा आली. पाटलाने सांगितलं, मुलांना दरबारात बोलायला शिकवा, मान कुठवर वाकवायची तेही दाखवा. तेल्याने सांगितलं, घाण्याचा बैल दिवसाकाठी किती फेरे मारतो ते मोजता आलं पाहिजे. कोष्ट्याला लुगड्याच्या काठावरची नक्षी हवी होती, वैद्याला मुळ्यांची नावं. एका घराने तर सांगितलं की आमच्या बारीत काही शिकवू नका, पोरांना नुसतं गप्प बसवा, घरी ती कधीच बसत नाहीत. गुरुजींनी तेही करून पाहिलं.

मग हळूहळू काही गमती होऊ लागल्या. एकदा कोष्ट्याच्या बारीत गुरुजींनी मुलांना गोष्ट सांगायला घेतली. एक अस्वल नावेत बसून नदी ओलांडत होतं. नाव मधोमध आली, तिच्या तळातून पाणी वर येऊ लागलं, आणि इकडे वाटी बुडाली. पाटकऱ्याने हाळी दिली. पुढची बारी वैद्याची. वैद्याला अस्वलाशी काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोष्ट्यालाही पुन्हा नक्षी आठवली. अस्वल राहिलं मधोमध. त्याचं पुढे काय झालं, या काळजीने मुलांना जेवण जाईना.

पुढे एका घराने हरकत घेतली की आमच्या बारीत शेजाऱ्यांची पोरं का बसतात. आमचं पाणी त्यांच्या शेतात जातं का? हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून ज्या घराची बारी, त्याच घराची मुलं आत बसू लागली आणि बाकीची आपापल्या बारीची वाट पाहत गावात हुंदडू लागली.

पावसाळा लागला आणि छप्पर जोरात गळू लागलं. ज्याची बारी, तो आपल्या घरून एक भांडं आणून गळतीखाली ठेवायचा. वाटी बुडाली की तो आपलं भांडं उचलून घरी न्यायचा. पुढच्या घरचं भांडं येईपर्यंत पाणी सरळ जमिनीवर. छप्पर शाकारायला हवं हे सगळेच म्हणत होते. पण ते कुणी शाकारायचं? पाटील म्हणाला, माझ्या बारीत ऊन असतं, पाऊस दुपारचा येतो. दुपारची बारी असलेला म्हणाला, मी आज शाकारलं तर उद्या कोरड्यात तुम्ही सगळे बसणार. दोघांचंही म्हणणं बारीच्या हिशेबाने बिनचूक होतं, आणि छप्पर आपलं गळत होतं.

शेपटाच्या घराची बारी दिवस कलताना यायची. तोवर गुरुजींचा घसा पार बसलेला असायचा. दिवसभर वाट पाहून लेक पेंगुळलेली असायची. गुरुजी तिच्यापुढे धूळपाटी ठेवायचे, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली बारीक माती, आणि बोलता येत नाही म्हणून बोटाने एखादं अक्षर काढून दाखवायचे. ती ते गिरवायची. मग अंधार पडायचा आणि वाटी बुडायची. तिला काही अक्षरं आली, पण ती एकमेकांना जोडून शब्द कसा होतो हे काही कळेना. तिने आईला विचारलं, सकाळच्या बाऱ्यांमध्ये काय शिकवतात? आईला ते ठाऊक नव्हतं. स्वतःची बारी सोडली तर शाळेत काय होतं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईने ठरवलं की सभेत बोलायचं. सभा भरली. पाटील बोलला, तेली बोलला, कोष्टी बराच वेळ बोलला. प्रत्येकाने आपल्या बारीत काय कमी पडतं ते सांगितलं. बाई पदर सावरून आपल्या बारीची वाट पाहत बसली. तिची बारी आली तेव्हा पारावर एक कुत्रं आणि ती, दोघंच उरली होती. अशा गोष्टींत एरवी प्राणी बोलतात. हे कुत्रं काही बोललं नाही, पण त्याने ऐकून घेतलं असावं असं मला वाटतं.

पाऊस सरला. गुरुजींना खोकल्याने धरलं. एके दिवशी सकाळी ते शाळेत आलेच नाहीत. पाटील विचारपूस करायला गेला तर गुरुजी आपलं गाठोडं बांधत होते. सुगीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, त्यांनी हळू आवाजात सांगितलं. अंगात थोडा जोर आला की मी आपणहून राजधानीला जाईन. पाटील मान खाली घालून परत आला. ही बातमी ऐकून शेपटाच्या घरच्या बाईने चूल पेटवली नाही.

त्याच दिवसांत पाटाचा उपसा निघाला. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ दरवर्षी पाटात साचायचा. तो काढल्याशिवाय पुढचं पाणी सुटायचं नाही. म्हणून एका सकाळी सगळं गाव फावडी आणि गाळ भरायच्या पाट्या घेऊन पाटात उतरायचं. बंधाऱ्यापासून सुरुवात करायची आणि शेपटापर्यंत जायचं. पाटील पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा राहायचा, त्याच्या शेजारी मेंढपाळाची बायको. पाटीमागून पाटी हातोहात जायची.

बाई गाळ भरत होती आणि लेक काठावर बसून पाहत होती. लेकीने नेहमीप्रमाणे एक प्रश्न विचारला. आज कुणाची बारी आहे? चिखलातली माणसं खदखदून हसली. उपशाला बारी नसती, कुणीतरी म्हणालं. पोरीने विचारलं, का नसते?

याचं उत्तर पाटलाने दिलं. तोंडाशी गाळ राहिला तर खाली पाणी पोचत नाही. शेपटाला गाळ राहिला तर पाणी तुंबतं, मागे चढतं आणि वरच्याच्या शेतात घुसतं. म्हणून सगळा पाट सगळ्यांनी काढायचा. माझं शेत वर आहे म्हणून मी शेपटाचा गाळ काढायचा नाही, असं चालत नाही. पाटील हे सहज बोलून गेला आणि पुन्हा फावडं मारू लागला.

बाईच्या हातातली पाटी तिथेच थांबली. पाटात बोलायला बारी नव्हती. शेजारी पाटील उभा होता, पलीकडे तेली, त्याच्या पलीकडे कोष्टी, आणि जेवायला उठून जाता येईल असं कुणीच नव्हतं.  ती पाटलालाच म्हणाली.

"आबा, एक इचारू का? पाण्याला बारी हाय आन् गाळाला समदं गाव हाय. मग शाळेत आपून नुसतं पाणीच वाटतोय का? तिथला गाळ कोन काढतंय?"

 फावडी थांबली.  प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ते गळकं छप्पर आणि आपण उचलून घरी नेलेलं भांडं आलं असावं. पाटील फावड्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. वयाने एवढा मोठा माणूस, पण त्याला आपली लाज वाटली आणि त्याने ती लपवली नाही.

"सूनबाई, ह्यो इचार आमच्या डोस्क्यात आला न्हाई," तो म्हणाला. "चला, आधी गुरुजींना इचारू."

उपसा तसाच टाकून सगळं गाव शाळेकडे निघालं. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. शाळेच्या दाराशी सगळे अडखळले, कारण इतकी माणसं एका वेळी आत जाण्याची सवयच नव्हती. मग बाई पुढे झाली आणि तिच्यामागून सगळे आत शिरले. पहिल्यांदाच गावाने आपली शाळा अख्खी पाहिली. भिंतीला ओल चढलेली, चटया कुजलेल्या, आणि गुरुजींच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेलं गाठोडं.

चिखलाने माखलेलं गाव पाहून गुरुजी घाबरून उठून बसले. पाटलाने हात जोडले आणि विचारलं, गुरुजी, तुम्हाला काय पाहिजे? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.  त्यांचे डोळे भरून आले.

मग ते बोलायला लागले. सगळी मुलं एकत्र हवीत आणि दिवसभर हवीत. अक्षर आधी की आकडा आधी, गोष्ट केव्हा सांगायची, हे माझ्यावर सोडा, ती माझी विद्या आहे. पण पुष्कळ गोष्टी मला कळत नाहीत, ते म्हणाले. पेरणीच्या दिवसांत निम्मी मुलं जातात कुठे? कोष्ट्याची मधली पोरगी फळीकडे बघताना डोळे का बारीक करते? पलीकडच्या वस्तीवरची भावंडं दोन दिवसांतून एकदाच का येतात? किती वर्षं हे मला विचारायचं होतं. विचारायचं कुणाला ते समजत नव्हतं.

गावाजवळ याची सगळी उत्तरं होती. पेरणीला मुलं पाखरं राखायला जातात. कोष्ट्याच्या मधलीला लांबचं दिसत नाही, तिला पुढे बसवायला हवं. त्या भावंडांच्या वाटेत ओढा आहे आणि त्यांना पलीकडे उतरवून द्यायला कुणी नाही. तेली पटकन म्हणाला, माझा बैल रोज तिकडूनच येतो, मी घेऊन येईन. मग बोलणं असं रंगलं की गुरुजी खोकत खोकत हसू लागले. गाठोडं तिथेच राहिलं आणि दुपारी कुणीतरी त्यावर बसलंही.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. पाटाचा उपसा आधी पुरा करावा लागला. मग छप्पर उतरवून नव्याने शाकारलं, आणि एक कोपरा तरीही गळत राहिला. वाटी आणि घंगाळ परत पाटावर गेलं. दर अमावास्येला सगळ्या गावाने शाळेत जमायचं आणि शेपटाच्या घराने आधी बोलायचं असं ठरलं. पेरणीच्या दिवसांत शाळा बंद ठेवून ते दिवस पुढे भरून काढायचे असंही ठरलं. पण वैद्य रुसला. त्याला अजून मुळ्यांची नावंच हवी होती. गुरुजींनी शिकवण्यात कुणाला ढवळाढवळ करू दिली नाही, तेव्हा वैद्याने आपला मुलगा घरी ठेवून घेतला. एक दिवस त्या मुलाला कळलं की अस्वलाची नाव किनाऱ्याला लागली, पण कशी लागली ते कुणी त्याला सांगेना. तो शाळेकडे पळाला. वैद्य त्याला आणायला म्हणून गेला आणि दाराशी उभा राहून स्वतःच गोष्ट ऐकत बसला.

शेपटाच्या घरची लेक आता सकाळी ताजी होऊन बसायची. तिचे प्रश्न ऐकायला पाटलाची मुलं होती, कोष्ट्याच्या मुली होत्या. गुरुजींचा आवाज परत आला होता. एका दुपारी दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवताना तिला एकदम शब्द ऐकू आला. ती इतकी दचकली की तिने मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

सुगी झाली. ठरल्याप्रमाणे राणी आली. तिच्यामागे एक रिकामी बैलगाडी होती, गुरुजींचं सामान न्यायला. मधल्या काळात बारीच्या शाळेची कथा राजधानीपर्यंत पोचली होती आणि दरबारात तिच्यावर पुष्कळ हसून झालं होतं. बाईचा नवराही काठी घेऊन शाळेबाहेर उभा होता. मेंढरं निघायला तयार होती. बाई एकदा गाडीकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे.

पाटलाने आपल्या नातवाला पुढे केलं, पण राणीने मान हलवली. पाट कसा चालला आहे हे मी तोंडाशी कधी बघत नाही, ती म्हणाली. शेपटाच्या घरचं मूल कोणतं? लेक उठून उभी राहिली. राणीने धूळपाटी जवळ ओढली, बोटाने एक ओळ लिहिली आणि वाचायला सांगितलं.

मुलीने बोट ठेवत ठेवत वाचलं, "या गावात पाणी आधी कुणाला मिळतं?" आणि वाचून झाल्यावर तिने उत्तरही दिलं, "आबांना." सगळे हसले. पाटीलही हसला.

राणीला वाटलं, झालं. पण मुलगी बसली नाही. तिने राणीकडे पाहून विचारलं, "राणीसाहेब, तुमच्या वाड्याजवळच्या शाळेचं छप्पर कोन शाकारतं?"

 पाटलाच्या कपाळाला घाम फुटला. राणी आठवू लागली. त्या शाळेवरून ती रोज पालखीतून जायची. तिला दार आठवलं, दारावरचं तोरण आठवलं, पण आतलं काहीच आठवेना. छप्पर कौलारू आहे की गवताचं, हेही तिला सांगता येईना.

"मला ठाऊक नाही," राणी म्हणाली.

तिने गाडीवानाला गाडी वळवायला सांगितलं. गुरुजी तिथेच राहिले. बाहेर मेंढपाळाने काठी खांद्यावर टाकली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मेंढरं एकट्याने हाकत निघून गेला. बाई त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेली आणि वाटभर रडली, ते रडणं आनंदाचं होतं.

आणि राणी राजधानीत पोचली तेव्हा ती वाड्यात गेलीच नाही. तिने वाड्याजवळच्या शाळेपाशी पालखी थांबवली, शेजारच्या आळीतल्या माणसांना हाका मारून गोळा केलं आणि त्यांच्याबरोबर पहिल्यांदा त्या शाळेचा उंबरा ओलांडला. आत त्यांना काय दिसलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

तात्पर्य: गावाने शाळेतला आपापला वाटा मागितला म्हणून शाळा गावाची होत नाही; सगळ्यांनी मिळून तिची निगा राखली की ती गावाची होते.